घरच्यांचे आभार

आमच्या मंडळात भाषणं पुरुष करतात आणि आभार बायका मानतात. तसा नियम कुणी केलेला नाही, पण मी पुण्याहून आयर्लंडला आले तेव्हापासून हेच बघते आहे. अध्यक्ष विलासराव प्रास्ताविक करणार, ते संपता संपणार नाही. मग पाहुणे बोलणार, मग खजिनदार बोलणार. आणि लोक दारातल्या ढिगात आपापले बूट शोधायला लागले की साडी नेसलेल्या एखादीच्या हातात माईक देणार. तिने हॉलवाल्याचे आभार मानायचे, जेवणवाल्याचे मानायचे, स्पीकर लावून देणाऱ्या आयरिश पोराचे तर दोनदा मानायचे. आणि जिने महिनाभर राबून कार्यक्रम बसवला तिच्यापाशी आलं की म्हणायचं, "सुलेखाताई तर आपल्या घरच्याच. त्यांचे आभार मानून आपण त्यांना परकं करणार नाही. त्यांच्या ऋणातच राहणं आपल्याला आवडेल." यावर टाळ्या पडतात. सुलेखाताई लाजतात. पुढच्या वर्षी पुन्हा राबतात.

या वाक्याची मला चीड आहे. चीड जुनीच, पण तिचं काय करायचं हे मला डोरीन केसलरने शिकवलं.

डोरीन ही आम्ही राहतो त्या ॲथलोन गावातली आमची शेजारीण. अमेरिकन, ऐंशीच्या घरातली, पाठ अजून ताठ. २०२०च्या मार्चमध्ये सरकारने सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना घरातच बसा म्हणून सांगितलं. तेव्हा आमच्या गल्लीने म्हाताऱ्यांचं वाणसामान आणायचं काम वाटून घेतलं आणि डोरीन माझ्या वाट्याला आली. मी इथल्या एका कारखान्यात काम करते, तिथे शस्त्रक्रियेची उपकरणं बनतात. कारखाना चालू होता, त्यामुळे मी बाहेर पडत होतेच. "ती होय? काहलची बायको," पोस्टमन मला म्हणाला. "ग्रँड बाई आहे." काहल जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी मी पिशवी तिच्या दारात ठेवली, लांब उभी राहिले आणि विचारलं, "तुम्ही काहलच्या मिसेस ना?"

तिने पिशवीतून मार्मालेडची बाटली काढली आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "मी डोरीन केसलर. काहल माझा नवरा होता. आणि हे मार्मालेड मी खात नाही."

मला ती तिथेच आवडली.

तिची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली, मागच्या बागेतल्या भिंतीपलीकडून आणि बहुतेक शिव्यांसकट. ओहायोतल्या एका गावात तिची आई चपलांच्या दुकानाच्या माडीवर नाचाचे वर्ग घ्यायची. शाळा पुरी व्हायच्या आत पोरगी एका फिरत्या कंपनीबरोबर नाचायला लागली. न्यूयॉर्कला मागच्या रांगेत नाचली, मग पुढच्या. मग टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीचं काम मिळालं. "काम एवढंच," डोरीन म्हणाली, "दार उघडायचं, 'हे काय करून बसलीस' म्हणायचं आणि दार लावायचं. ते दार मी इतक्या तऱ्हांनी उघडलं की लोक मला पत्रं लिहायला लागले."

अभिनय तिला पोट भरण्यापुरता पुरे होता. तिला नाच बसवायचे होते. तेही मिळालं. गाण्यानाचाच्या एका कार्यक्रमात दर आठवड्याला एक नवा नाच. नाच ती बसवायची आणि नाव निर्मात्याचं लागायचं. शेवटी पडद्यावर नावांची पाटी येते ना, तिला ते लोक कार्ड म्हणतात. कार्डावर जागा नाही, असं तिला दर आठवड्याला सांगायचे.

त्याहून जास्त संताप तिला कॅमेऱ्याचा होता. दिग्दर्शक सगळे पुरुष. बाई नाचायला लागली की ते कॅमेरा तिच्या तोंडावर नेत, नाहीतर छातीवर, आणि खालचं सगळं कापून टाकत. "नाच पायात असतो," डोरीन म्हणाली, "आणि ही गाढवं पायांशिवाय नाच दाखवत होती." म्हणून ती कॅमेरा शिकली. आपलं काम झालं की दिग्दर्शकाच्या मागे भिंतीला टेकून उभी राहायची आणि बघायची. एकदा तो दिग्दर्शक इतका पिऊन आला की त्याला खुर्चीत बसता येईना. तो भाग डोरीनने केला. कार्डावर नाव त्याचं. पुढे तिला स्वतःचे भाग मिळाले तेव्हा कार्डावर आलं, 'डी. केसलर'. बाईचं नाव बघून जाहिरातदार बिचकतील म्हणे. वर्षानुवर्षं ती विनोदी मालिका दिग्दर्शित करत राहिली, आणि हा डी. म्हणजे डेव्हिड असणार, असंच सगळ्यांना वाटत राहिलं.

"मग?"

"मग एके दिवशी करारावर सही करायचं नाकारलं. म्हटलं, डोरीन लिहा, नाहीतर दुसरा डेव्हिड शोधा. त्यांनी दुसरा डेव्हिड शोधला."

ती वर्षभर घरी बसली. मग एका दुसऱ्या कंपनीने बोलावलं आणि पूर्ण नाव लिहिलं. त्यानंतर तिने कारकीर्द संपेपर्यंत पूर्ण नावानेच काम केलं. काहल तिचा कॅमेरामन, मूळचा ॲथलोनचा. उतारवयात लग्न केलं आणि दोघं इथे आली. "चांगला माणूस होता," ती म्हणाली. "गावात सगळ्यांना सांगायचा, ही दिग्दर्शक, मी हिचा कॅमेरामन. ऐकलं कुणी? मी इथे काहलची बायको म्हणूनच मरणार."

हे सगळं मी घरी येऊन माझ्या सासूबाईंना सांगायची. सासूबाई, प्रभा त्यांचं नाव, फेब्रुवारीत चिपळूणहून दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या आणि विमानं बंद झाली तशा आमच्याकडेच अडकल्या होत्या. त्यांना डोरीनच्या गोष्टी आवडायच्या. डी. केसलरचं ऐकलं तेव्हा त्या भाजी चिरता चिरता थांबल्या. "तिचं निदान अर्धं तरी ठेवलंनी," म्हणाल्या. म्हणजे काय ते मी विचारलं नाही. कुकरची शिट्टी झाली असेल.

श्रावण लागला तशी सासूबाईंना मंगळागौरीची आठवण यायला लागली. जागरणं, पूजा याचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना खेळ हवे होते. एका रविवारी आम्ही मागच्या बागेत सुरू केलं. झिम्मा, पिंगा, कोंबडा. नाचवायला सूप नव्हतं म्हणून मी ओव्हनमधला ट्रे आणून दिला. "हे काय गो सूप?" त्या म्हणाल्या. "यात तांदूळ पाखडलेस तर शेजारच्या मडमेच्या डोक्यावर जातील." पण त्यांनी तो ट्रे असा नाचवला की मी खेळायची थांबून बघतच राहिले. मी पुण्यात बरीच वर्षं नृत्य शिकले आहे, परीक्षा दिल्या आहेत. माझ्या मनगटात ते नाही. मग सत्तरीला टेकलेल्या त्या बाईने पदर खोचला, उकिडवी बसली आणि बसफुगडी घातली.

"पुन्हा," भिंतीपलीकडून आवाज आला. डोरीन खुर्चीवर चढून उभी होती. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी पुन्हा घातली.

"ही कोण?" डोरीनने मला विचारलं.

"माझी सासू," मी म्हटलं.

त्या वर्षी मंडळाचा गणेशोत्सव ऑनलाइन होता. माझा नवरा रोहित सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मंडळाचा सांस्कृतिक सचिव आहे. त्याने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि त्यावर लिहिलं, 'यंदा काहीतरी हटके करू या.' त्याचं काम इथे संपलं. मंगळागौरीच्या खेळांची छोटी फिल्म करायची, हे मी सुचवलं. डब्लिनमधल्या टॅलाच्या इस्पितळात काम करणारी गिरिजा तयार झाली, तिथल्याच सँट्रीहून कौमुदी तयार झाली, अजून चारपाच जणी आल्या. अडचण एकच होती. फुगडीला हात धरावे लागतात, आणि आम्ही सगळ्या आपापल्या घरी.

तोड डोरीनने काढली. प्रत्येकीने आपल्या बागेत एकटीने फुगडी घालायची, पण हात पडद्याच्या कडेबाहेर जाऊ द्यायचे. गिरिजाचे हात उजव्या कडेने बाहेर जातात आणि पुढच्या दृश्यात कौमुदीचे हात डाव्या कडेने आत येतात. बघणाऱ्याला वाटतं टॅला आणि सँट्री एकमेकींना धरून फिरताहेत. "कॅमेरा खाली," डोरीन भिंतीवरून ओरडायची. "पाय. मला पाय हवेत." रोहितने एकदा फोन धरला आणि सासूबाईंच्या बसफुगडीत फक्त त्यांचं तोंड आणि हसू टिपलं. डोरीनने त्याला जे सुनावलं ते मी सासूबाईंसाठी मराठीत केलं नाही.

संध्याकाळी कामावरून आल्यावर मी व्हिडिओ कॉलवर शिकवायला बसायची. गिरिजा वॉर्डातून आलेली असायची, गालांवर मास्कचे वळ तसेच. सासूबाई माझ्या शेजारी बसून तिला ओरडायच्या, "अगो गुडघा वाकव, कमरेतनं नको." मग तो गुडघा वाकायचा. सगळ्यांचे तुकडे आले, ते मी जोडले. सुट्टीचे सगळे दिवस त्यात गेले.

फिल्म तयार झाली तेव्हा मी लॅपटॉप बागेत नेला आणि भिंतीवर ठेवून डोरीनला दाखवली. 

"पाय आहेत," बघून झाल्यावर ती म्हणाली. तिच्याकडून ही मोठी शाबासकी होती. "कार्डावर काय लिहिलंय?"

"ते अध्यक्ष करणार आहेत. मंडळाचा लोगो घालून."

"कार्ड दुसऱ्याला करू देतेस? मूर्ख आहेस."

मूर्ख होतेच. दोन दिवसांनी विलासरावांचं कार्ड रोहितच्या फोनवर आलं. 'संकल्पना व दिग्दर्शन : रोहित पोंक्षे. विशेष सहकार्य : मंडळातील समस्त महिलावर्ग.'

मी ते तीनदा वाचलं. समस्त महिलावर्ग. म्हणजे लोकलच्या डब्यातली एखादी राखीव जागा.

"अगं, ऐक ना," रोहित म्हणाला. "मी कमिटीत आहे. बायकोचं नाव डायरेक्टर म्हणून टाकलं तर लोक म्हणणार, घरातल्या घरात वाटून घेतात. बरं दिसत नाही ते."

"आणि स्वतःचं टाकलेलं बरं दिसतं?"

"ते पदामुळे आहे. टेक्निकली मी सचिव आहे. आणि तुझं-माझं काय वेगळंय का भार्गवी? एव्हरीबडी नोज तूच केलंयस."

"सगळ्यांना माहितीये तर लिही."

"अगं, विलासरावांनी फाइल अपलोडपण केली. जाऊ दे ना यार. आभारप्रदर्शन तुलाच दिलंय की."

रोहित वाईट माणूस नाही. भांडी घासतो, कपडे वाळत घालतो, माझ्या आईला दर आठवड्याला फोन करतो. म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. वाईट माणसाशी भांडता येतं. जो खरोखर समजतो की आपण बायकोचं नाव खाऊन तिच्यावर उपकार केले, त्याच्याशी काय भांडायचं? तरी भांडले. "नाच मी बसवला," मी म्हटलं. "शूट मी केलं, एडिट मी केलं. ड्यूटी करून आलेल्या गिरिजाला रोज तास तास शिकवलं ते मी. तू काय केलंस? ग्रुप काढलास."

सासूबाई ओट्यापाशी पोळ्या करत होत्या. त्यांनी लाटणं पोळपाटावर आपटलं. मुलाला बोलले ते झोंबलं, मी समजून गेले. त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलायला लागल्या, आणि मला त्यांचाही राग आला. आई ती आईच, शेवटी मुलाचीच बाजू घेणार.

डोरीनला मी सगळं सांगितलं. "जागा नाही म्हणाले?" तिने विचारलं.

"नाही. बरं दिसत नाही म्हणाले."

"तेच ते. जागा नेहमी असते. आणि मागाहून कुणी काही दुरुस्त करत नसतं. कार्ड आलं की तिथल्या तिथे बोलायचं. नाहीतर जन्मभर डेव्हिड."

ते मी सासूबाईंना सांगितलं. अबोला असला तरी डोरीनच्या गोष्टी चालू होत्या. जागा नेहमी असते, असं ती म्हणाली, मी म्हटलं. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग वाटीतले शेंगदाणे निवडायला लागल्या.

गणपती बसल्यावरच्या रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. रोहित वरच्या खोलीतून सूत्रं हलवत होता. मी खाली जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप मांडून बसले होते, पैठणी नेसून. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर, पडद्यात न दिसतील अशा. डोरीनलाही मी लिंक पाठवली होती. तिचा चौकोन उघडला आणि खाली नाव आलं, 'काहल्स आयपॅड'.

विलासराव बराच वेळ आवाज बंद ठेवूनच बोलले. कुणी सांगितल्यावर त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. मग फिल्म लागली. गिरिजाचे हात गेले, कौमुदीचे आले, ट्रे नाचला, सासूबाई गरागरा फिरल्या, आणि सगळ्यांचे पाय दिसत होते. शेवटी कार्ड आलं. बाजूला संदेशांची रांग लागली. रोहित, क्या बात है. रोहितदादा, हॅट्स ऑफ. रोहित त्याच्या चौकोनात हात जोडून मान तुकवत होता. मी त्या जोडलेल्या हातांकडे बघत होते आणि मला वाटलं, वर जाऊन ते हात सोडवावेत.

"आता आभारप्रदर्शनासाठी मी भार्गवीला विनंती करतो," विलासराव म्हणाले.

मी अध्यक्षांचे आभार मानले. गिरिजाचे आणि कौमुदीचे मानले, एकेकीचं नाव घेऊन सगळ्यांचे मानले. मग म्हटलं, "एक चौकोन 'काहल्स आयपॅड' नावाचा दिसतोय. ते नाव चूक आहे. त्या डोरीन केसलर आहेत. नटी, नर्तकी, नृत्यदिग्दर्शक आणि टीव्हीच्या दिग्दर्शक. कॅमेरा कुठे ठेवायचा ते त्यांनी मला शिकवलं." आपलं नाव ऐकून डोरीनने हात वर केला.

"आणि आत्ता पडद्यावर आलेलं नावही चूक आहे. या फिल्मचं दिग्दर्शन मी केलं आहे. भार्गवी पोंक्षे. रोहितने व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पण तो तर आपल्या घरचाच, त्यामुळे त्याचे आभार मानून मी त्याला परकं करणार नाही. त्याच्या ऋणातच राहीन."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विलासरावांचं तोंड उघडं होतं आणि या वेळी त्यांचा माईक चालू असून आवाज येत नव्हता. गिरिजाने ओठांवर हात ठेवला होता, ती हसत होती. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी आभारांचा कागद टेबलावर उलटा ठेवला.

"झालं तुझं?" शेजारून सासूबाई म्हणाल्या.

"झालं, आई."

"आणि माझं?"

मला कळेना. "तुमचं काय?"

"खेळ कोणाचे गो?" आवाज चढला नव्हता. "त्या टॅलाच्या पोरीला गुडघा कोणी शिकवला? तेल चोळून चोळून बसफुगडी कोणी घातली? त्या दिवशी तू नवऱ्याला सुनावत होतीस, मी केलं, मी केलं. मी पोळ्या लाटत ऐकत होत्ये. म्हटलं आता माझं येईल, मग माझं येईल. आज परत बसल्ये ऐकत. त्या पोरी झाल्या, ती मडम झाली, तू झालीस."

मी घाबरले होते, की लाज वाटली होती, मला माहीत नाही. तोंडात जे तयार असतं ते बाहेर पडतं.

"आई, तुम्ही तर घरच्याच," मी म्हणाले.

माईक चालू होता. सगळ्या चौकोनांनी ते ऐकलं. गिरिजाने ओठांवरचा हात काढला आणि मान खाली घातली. "काय म्हणाली ती?" डोरीन इंग्रजीत विचारत होती. कुणी तिला सांगितलं नाही.

"हे वाक्य मला पाठ आहे," सासूबाई म्हणाल्या. "सासरे म्हणायचे. नवरा म्हणायचा. मुलगा म्हणतो. तुझ्याकडून ऐकायचं राहिलं होतं. सरक."

त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला. रोहित जिन्यावर येऊन उभा होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी प्रभा पोंक्षे," त्या पडद्याला म्हणाल्या. "खेळ मी बसवले. मला अंबूआत्याने शिकवले, तिचंही लिहा. आणि प्रभा हे नाव लग्नात ठेवलंनी. तांदळात लिहिलंनी आणि मला दाखवलंनी, विचारलं नव्हतं कोणी. त्याआधी मी कमल. कमल दामले. दोन्ही लिहा. जागा असते, असं ती मडम म्हणत्ये."

मी सरकले. पडद्यावर आता माझा फक्त खांदा दिसत होता.